घर-बाग : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ठाण्यात राहते, दुसरा मजला, छोटी बाल्कनी. घरच्या घरी खत करायला पेंटच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादलीत महिनाभर भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा टाकतेय. आता झाकण उघडलं की सडका वास येतो आणि आत पांढरट अळ्या वळवळतायत. सासूबाई म्हणतात फेकून दे सगळं. काय करू?

उत्तर : ताई, फेकू नका हो, प्लीज! महिन्याभराची मेहनत आहे ती आणि अजून काहीच वाया गेलेलं नाहीये. तुमच्या यादीत सगळा ओला कचराच आहे बघा, सुकं काहीच नाही. भाजीच्या देठांत पाणीच जास्त असतं, ते सुटून तळाशी साचतं, हवा आत जात नाही आणि मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, सडका वास त्यांचाच. (डोळ्याला, नाकाला झोंबणारा वास असता तर तो अमोनिया. म्हणजे नत्र जास्त झालं. पण उपाय तिथेही हाच, सुका पाला!)

एखाद्या सकाळी बाल्कनीत जुना पेपर पसरा आणि बादली त्यावर सरळ उपडी करा. तळाचा भाग काळा, चिकट, गिचका झालेला दिसेल, संत्र्याची सालं अजून ओळखू येतील, तो हाताने मोकळा करा, हातमोजे घाला हवं तर. बादलीला भोकं नसतील तर तळाला आठ-दहा आणि बाजूंना चार-चार बोटांवर गोल फिरवत भोकं पाडा. ड्रिल नसेल तर सळई गॅसवर तापवून पाडली तरी चालतात, फक्त खिडकी उघडी ठेवा कारण प्लास्टिकचा धूर वाईट. खाली दोन विटा आणि ताटली ठेवा. आता तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा जाड काड्या, मग कचऱ्यात चुरलेली सुकी पानं मिसळत मिसळत परत भरा, एक वाटी ओल्याला दोन ते तीन वाट्या सुकं, आणि सगळ्यात वर चार बोटं नुसता पाला.

ओल बरोबर आहे का ते मुठीत कळतं. मूठभर घेऊन घट्ट दाबा, बोटांतून एखाद-दोन थेंब आले की झकास, धार लागली तर अजून पाला, आणि काहीच आलं नाही तर थोडं पाणी शिंपडा. दर तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करा, आठवड्यात वास गेलेला कळेल.

अळ्यांना घाबरू नका. चपट्या, करड्या-पांढऱ्या, आडव्या रेघांच्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, कचरा त्या भराभर खातात, त्यांची माशी चावत नाही, आपल्या जेवणावरही बसत नाही. किळस वाटत असेल तर मूठभर निंबोळी पेंड मिसळा, पाला वाढला की त्या आपोआप कमी होतात.

पाला आणायचा कुठून? सोसायटीत झाडणाऱ्या मावशी-काकांना सांगून ठेवा, ते रोज पोतंभर पानं गोळा करतात आणि ती उगीच कचऱ्याच्या गाडीत जातात. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दोन-तीन पोती भरून कोरड्या जागी ठेवा म्हणजे पावसाळ्यात अडायला होत नाही, तेव्हा सुकं पान मिळणं फार कठीण. नसेलच तर पुठ्ठ्याचे तुकडे टाका, चिकटपट्टी काढून. हाडं, तेलकट भाजी, दूध मात्र नको, उंदीर येतात.

दोन-अडीच महिन्यांनी खत काळंभोर, भुसभुशीत होईल आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येईल. एका कुंडीत थोडं घेऊन मेथी पेरून बघा, कोंब नीट आले म्हणजे खत तयार. मग तीन भाग मातीला एक भाग मिसळा आणि सासूबाईंच्या तुळशीला पहिलं घाला!

प्रश्न : गणपतीला आठ दिवस गावी जातोय, कुंड्यांना पाणी कोण घालणार? (डोंबिवलीहून एक दादा)

उत्तर : जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या बोटभर रुंद पट्ट्या करा, नायलॉन नको, ते पाणी ओढत नाही. पाण्याची बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच. पट्टी आधी पूर्ण भिजवून एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडा, दुसरं कुंडीतल्या मातीत चार बोटं खोल पुरा. निघायच्या दोन दिवस आधी लावून ठेवा, बादली किती उतरते ते बघा, फारच भराभर उतरत असेल तर पट्टी अरुंद करा. कुंड्या सावलीत सरकवा आणि बादलीवर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात.

प्रश्न : किचनचा नळ रात्रभर ठिबकतो. प्लंबर नुसतं बघायचेच पैसे मागतो.

उत्तर : सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर, म्हणून आजच करा. चार-पाच फेरे फिरणारा जुना नळ असेल तर आतला रबरी वायसर झिजलाय. आधी मेन वाल बंद करा, सिंकच्या जाळीवर फडकं टाका म्हणजे स्क्रू आत पडणार नाही. पान्याने वरचा भाग सोडवा, जुना वायसर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि तसाच मागा, साइज पाठ करत बसू नका. अर्ध्या फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर त्यात वायसर नाही, आतला स्पिंडलच (मुठीसोबत फिरणारा दांडा) बदलायचा, तोही सोबत नेऊनच घ्या.