ॲलर्जीच्या तीन वर्षांच्या थेंबांचे पैसे एकरकमी भरावेत का?

धनकवडीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: वय 36, घरातील धुळीतल्या डस्ट माइट या अतिसूक्ष्म किड्यांची ॲलर्जी, बारा महिने शिंका आणि चोंदलेले नाक. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या थेंबांची तीन वर्षांची इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जीच्या घटकाची शरीराला हळूहळू सवय लावणारा उपचार, सुचवली आहे. दरमहा 3,000 रुपये, किंवा आताच एकरकमी 90,000. त्यासाठी दीड लाखाची मुदत ठेव मोडावी का?

ताई, उपचार जरूर घ्यावा. पण ठेव मोडू नये आणि एकरकमी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

1,08,000 ऐवजी 90,000 म्हणजे आगाऊ भरलेल्या पैशावर वर्षाला सुमारे 12 टक्के सुटल्यासारखे आहे, आणि इतके व्याज आपली ठेव देत नाही, हे खरे. परंतु हा उपचार कोणाला किती लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. फरक सहसा सहा महिने ते वर्षभरात जाणवू लागतो, आणि वर्षभरात काहीच गुण आला नाही तर डॉक्टर फेरविचार करतात. तशी वेळ आली तर दरमहा भरणाऱ्याचे 36,000 गेलेले असतील, एकरकमी भरणाऱ्याचे 90,000. सवलत 18,000 ची, धोका 54,000 चा.

औषधांच्या बचतीतून हा खर्च भरून निघेल, या आशेवर मात्र राहू नका. स्प्रे आणि गोळ्यांवर आपले महिन्याला 1,400 जातात. पहिले वर्ष ते तसेच राहिले आणि पुढे निम्मे झाले, तरी तीन वर्षांत एकूण 1,41,600 लागतील. नुसत्या औषधांवर 50,400 लागले असते. वरचे 91,200 निम्म्या औषधांच्या बचतीतून फिटायला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. पण आपण लिहिले आहे की पहाटे चारला नाक बंद होऊन उशी टेकवून बसावे लागते आणि तशाच अवस्थेत सातला हिंजवडीची बस गाठावी लागते. त्या झोपेसाठी हा खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो.

तीन वर्षे पूर्ण केली तर गुण थेंब थांबवल्यावरही काही वर्षे टिकू शकतो. मध्येच सोडल्यास तसा भरवसा राहत नाही. म्हणून पैसा दरमहाच्या मिळकतीतूनच यायला हवा. 5,000 ची एसआयपी तूर्त 2,000 वर आणा आणि पगारवाढ होताच पूर्ववत करा. ठेवीत जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च आहे. तिला हात लावू नका.

मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, ओपीडीचा नाही. नवी पॉलिसी घेताना मात्र ही ॲलर्जी अर्जात नोंदवा, कारण लपवलेला आजार पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

पहिला हप्ता देण्यापूर्वी त्वचेच्या चाचणीत निघालेला घटकच बाटलीत आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दम्याचा त्रास असेल तर तो आटोक्यात आल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या.