वाचकांचे प्रश्न: खड्ड्याविना युरेनियम

प्रश्न (डिचोली, गोवा): आमच्याकडे लोहखनिजाच्या खाणी, टाकाऊ मातीचे डंप, ट्रक हे रोजचंच. कझाकस्तान जगात सर्वाधिक युरेनियम काढतो, पण तिथे खड्डाच नसतो असं वाचलं. मग काढतात कसं? पाणी खराब होत नाही का?

उत्तर: बरोबर वाचलंत. जगातलं सुमारे 40 टक्के युरेनियम एकटा कझाकस्तान देतो आणि ते बोअरमधून येतं. तिथे युरेनियम वालुकाश्मात आहे. हा थर भूजलाने भरलेला असतो आणि त्याच्या वर-खाली चिकणमाती असते. काही बोअरमधून सौम्य सल्फ्युरिक ॲसिड आत सोडतात. दगडाच्या रंध्रांतून सरकताना ते युरेनियम विरघळवतं आणि शेजारच्या बोअरमधून पंपाने वर येतं. वर रेझिनच्या (युरेनियम धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) टाकीत युरेनियम अडकतं. ते सोडवून, हायड्रोजन पेरॉक्साइडने साका बसवून वाळवलं की यलोकेक, म्हणजे युरेनियमची पिवळी पूड, तयार. उरलेल्या पाण्यात पुन्हा ॲसिड घालून ते खाली सोडतात.

सगळी मदार पंपाच्या हिशेबावर. जेवढं सोडायचं त्याहून थोडं जास्त उपसायचं, म्हणजे भोवतालचं पाणी आत ओढलं जातं आणि ॲसिड बाहेर पसरत नाही. पंप बंद पडले, केसिंगला (बोअरच्या आतल्या पाइपला) तडा गेला किंवा चिकणमातीचा थर मध्येच तुटलेला निघाला तर ते पसरतं. म्हणून कडेने निरीक्षणाचे बोअर मारून पाण्याचे नमुने तपासत राहावं लागतं. दगडात चुना जास्त असेल तर ॲसिड त्यातच संपतं आणि तयार झालेलं जिप्सम रंध्रं बुजवतं. ॲसिड लागतंही भरपूर: त्याच्या टंचाईमुळे 2024 मध्ये तिथल्या सरकारी कंपनीला उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला.

ज्या थरातून युरेनियम काढलं तिथलं पाणी पिण्याजोगं राहत नाही. पुष्कळदा ते आधीही पिण्याजोगं नसतं, हे खरं. पण खड्डा नाही म्हणजे नुकसान नाही, हे आम्हाला मान्य नाही.

प्रश्न (काणकोण): कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र आमच्यापासून लांब नाही. तिथलं युरेनियम परदेशातून येतं का?

उत्तर: नाही. आयात युरेनियम आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या अणुभट्ट्यांतच वापरता येतं, आणि कैगाच्या 220 मेगावॅटच्या चारही अणुभट्ट्या त्या यादीत नाहीत. त्यांना देशी युरेनियम लागतं. ते मिळतं झारखंडच्या जादुगुडा परिसरात आणि आंध्रच्या तुम्मलपल्लीला.

1967 मध्ये सुरू झालेल्या जादुगुड्याच्या खनिजात युरेनियम जेमतेम 0.05 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा टनांच्या ट्रकमागे पाच किलो, तेही सगळं हाती लागत नाही. कॅनडाच्या सिगार लेकला हेच प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आहे. तिथे जमीन गोठवून पाण्याच्या जोरदार झोताने खनिज कापतात, कामगार त्याच्याजवळ जात नाहीत.

जादुगुड्याला दगड दळून युरेनियम काढल्यावर जवळजवळ तेवढाच गाळ उरतो आणि तो टेलिंग पाँडमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या गाळाच्या तळ्यात, जातो. मूळ किरणोत्सारापैकी सुमारे 85 टक्के त्यातच राहतो, कारण रेडियम आणि थोरियम युरेनियमबरोबर निघत नाहीत. रेडियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 1600 वर्षं, आणि त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटत राहतो. पावसाळ्यात डंपची माती वाहून शेतात शिरली की काय होतं हे गोव्यात सांगायला नको. जादुगुड्याला बांध फुटला किंवा गाळाची पाइप गळली तर तो गाळ किरणोत्सारी असतो. म्हणून पाँड भरल्यावर त्यावर मातीचा जाड थर घालावा लागतो आणि नंतरही लक्ष ठेवावं लागतं.

तुम्मलपल्लीचा दगड चुनखडीच्या जातीचा, तिथे ॲसिड परवडत नाही. म्हणून दळलेलं खनिज सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या द्रावणात दाबाखाली तापवून युरेनियम काढतात.