क्रॉस-कंपाइल, संकर आणि यजमान

प्रश्न असा आहे : लिनक्सवर बसून विंडोजचा प्रोग्राम तयार करतात, त्या क्रॉस-कंपाइलला ‘संकरित संकलन’ म्हणावे का, आणि त्यातल्या ‘होस्ट’ला ‘यजमान’ चालेल का?

दोन्ही टाळावेत. ‘संकरित’ म्हटले की संकरित ज्वारी, संकरित गाय डोळ्यांपुढे येते. दोन जातींचे गुण एकात उतरलेले. इथे मिसळ काहीच नसते. निघणारी एक्झी फाइल अस्सल विंडोजची असते. लेखनात ‘परसंकलन’ बरे वाटते. परगाव, परराष्ट्र यांतलाच हा ‘पर’. बोलताना मात्र खुशाल ‘क्रॉस-कंपाइल करणे’ म्हणावे.

खरा घोटाळा ‘होस्ट’चा. यजमान म्हणजे ज्याच्या घरी कार्य असते तो. म्हणजे वाचणारा ‘कंपाइल होते ते मशीन’ असा अर्थ घेणार. ग्नूच्या ऑटोटूल्स या बांधणीच्या साधनांमध्ये नेमके उलट आहे : ‘बिल्ड’ म्हणजे जिथे बांधणी होते ते, ‘होस्ट’ म्हणजे प्रोग्राम जिथे चालणार ते. ‘टार्गेट’ला अर्थ येतो तो आपण कंपाइलरच बांधत असलो तर, तो कोणत्या मशीनसाठी कोड काढणार, हे त्यातून कळते. याउलट सीमेक हे बांधणीचे साधन आणि रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा यांत ‘होस्ट’ म्हणजे बांधणीचे मशीन! एकच मराठी प्रतिशब्द दोन्हीकडे लावला तर एकीकडे तो चुकणारच. म्हणून ‘बांधणीचे मशीन’ आणि ‘चालवायचे मशीन’ असे सरळ लिहावे.

डेबियन या लिनक्सवर ‘मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे विंडोजसाठी कंपाइल करणारे पॅकेज बसवले की ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२-जीसीसी’ हा कंपाइलर मिळतो. शेवटचे ३२ पाहून गोंधळू नये. ते ‘विन३२’ या जुन्या नावातून आले आहे. ६४ बिटचा पत्ता पहिल्या भागात, ‘एक्स८६_६४’मध्ये आहे. ३२ बिटसाठी तिथे ‘आय६८६’ येते. ऑटोटूल्सची ‘कॉन्फिगर’ ही तयारीची स्क्रिप्ट चालवताना ‘--होस्ट=’पुढे हेच नाव, शेवटचे ‘-जीसीसी’ वगळून, लिहायचे. ‘यजमान’ समजून तिथे लिनक्सचे नाव दिले तर एरर येत नाही, बांधणी सुरळीत पार पडते आणि हाती लिनक्सचीच फाइल येते. ‘फाइल’ कमांडने तपासावे : ‘पीई३२+’ दिसले तर विंडोजची, ‘ईएलएफ’ दिसले तर लिनक्सची.

सी++ प्रोग्राम विंडोजवर ‘डीएलएल सापडत नाही’ म्हणून अडला, तर लिंक करताना ‘-स्टॅटिक’ द्यावे, म्हणजे लागणारी लायब्ररी एक्झीतच येते.

विभक्तीकडेही लक्ष हवे. ‘विंडोजचे कंपाइल’ मोघम आहे. ‘विंडोजवर कंपाइल करताना एरर आली’ म्हटले की मदत करणारा विंडोजवरचा कंपाइलर तपासत बसतो. ‘लिनक्सवर, विंडोजसाठी’ म्हटले की ‘सिस/वेट.एच’ ही लिनक्सवरची हेडर फाइल का सापडत नाही, हे त्याला लगेच कळते : मिंगडब्ल्यूमध्ये ती फाइलच नाही.