कमी पारगम्यतेच्या खडकातील विहिरीच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांच्या उत्पादनावरून वीस वर्षांचा अंदाज काढता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की, अगदी कमी पारगम्यतेच्या (म्हणजे द्रव सहज वाहू न देणाऱ्या) खडकातील तेलाच्या विहिरीचे सहा-आठ महिन्यांचे उत्पादन हाताशी असेल, तर त्यावर आर्प्सचा घसरण-वक्र (काळाबरोबर दर कसा उतरतो हे सांगणारे सूत्र) बसवून वीस वर्षांचे उत्पादन काढावे का, आणि तसे करणे चूक असेल तर मॉडेल नेमके कुठे बदलावे. वक्र बसवता येतो आणि तो सुरेखही बसतो. परंतु त्यातून निघणाऱ्या वीस वर्षांच्या आकड्यावर मी पैसे लावणार नाही. तुम्ही अमरावतीला स्थापत्य शाखेत शिकता आणि भूजलाचा विषय झालेला आहे असे लिहिले आहे, म्हणून मी उत्तर तिथूनच सुरू करतो. मी तेलक्षेत्रात रिझर्व्हॉयरचे (तेल धरून ठेवणाऱ्या खडकाच्या अभ्यासाचे) काम केलेले आहे आणि आता दारव्हा तालुक्यात घरची शेती पाहतो. विदर्भात तेलाच्या उत्पादनाच्या विहिरी नाहीत, पण बोअरचे पाणी आणि खोल खडकातले तेल यांच्यामागचे समीकरण एकच आहे.

डार्सीने १८५६ साली वाळूच्या थरातून जाणाऱ्या पाण्यासाठी जो नियम मांडला (प्रवाह दाबाच्या उताराच्या प्रमाणात असतो), तो कमी पारगम्यतेच्या खडकात मोडतो असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. वायूच्या बाबतीत त्यात दुरुस्त्या लागतात, त्या पुढे सांगतो. पण तेलाच्या विहिरीचा अंदाज फसतो तो बहुतेक वेळा डार्सीमुळे नव्हे, तर दाबाच्या संथ प्रवासाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. थाइसने १९३५ साली उष्णतावहनाच्या समीकरणावरून विहिरीच्या पातळीतील घट कालानुसार कशी पसरते हे दाखवले, ते तुम्ही शिकला असाल. तेच विसरणाचे (डिफ्यूजनचे) समीकरण येथे लागू होते, आणि त्यातील महत्त्वाची राशी म्हणजे पारगम्यता भागिले सच्छिद्रता (खडकातील पोकळीचा वाटा), श्यानता (द्रवाचा दाटपणा) आणि एकूण संपीड्यता (दाबाने आकुंचन पावण्याचे प्रमाण) यांचा गुणाकार. दाबातील घट जितके अंतर गाठते, ते या राशीच्या आणि काळाच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या साधारण दुप्पट असते.

आता यात आकडे घालून पाहा, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट पटत नाही. तेलाची श्यानता १ सेंटिपॉइज आणि एकूण संपीड्यता दर पास्कलला १.५ × १०⁻⁹ धरली, तर १०० मिलिडार्सी (डार्सी हे पारगम्यतेचे एकक) पारगम्यतेच्या आणि २० टक्के सच्छिद्रतेच्या वालुकाश्मात दाबाची घट २०० मीटरवर सुमारे आठ तासांत पोहोचते. म्हणजे विहीर सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या भोवतालचा बराच भाग पाहिलेला असतो. आता पारगम्यता १ मायक्रोडार्सी आणि सच्छिद्रता ८ टक्के घ्या. बाकी सर्व तेच ठेवा. तेच २०० मीटर अंतर गाठायला आता सुमारे ३८ वर्षे लागतात, आणि केवळ २० मीटर गाठायलासुद्धा साडेचार महिने जातात. वायूच्या धंद्यात ०.१ मिलिडार्सीच्या खालचा खडक घट्ट समजतात, आणि शेलमध्ये (बारीक थरांच्या चिखलखडकात) तर पारगम्यता नॅनोडार्सीपर्यंत उतरते. तेव्हा हे उदाहरण टोकाचे मुळीच नाही.

अशा खडकात साधी उभी विहीर खोदून काही हाती लागत नाही, म्हणूनच आडवी विहीर काढून तिला ठरावीक अंतराने फ्रॅक करतात, म्हणजे दाबाने द्रव सोडून खडकात भेगा पाडतात. आपल्याकडे कोरड्या पडत चाललेल्या विहिरीच्या तळाशी आडवे बोअर मारतात, किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हातपंपाच्या बोअरमध्ये जलभंजन करते, त्यामागचा हेतूही खडकाशी असलेला संपर्क वाढवण्याचाच असतो. फरक इतकाच की बेसाल्टमध्ये आपण आधीपासून असलेल्या पाणीदार सांध्यांना गाठ घालून देतो आणि त्यानंतर पाणी त्या सांध्यांतूनच येते, तर घट्ट तेलखडकात भेगा आपण निर्माण करतो, त्या मिटू नयेत म्हणून त्यांत वाळूसारखा प्रॉपंट भरतो, आणि तेल मात्र त्या भेगांमधल्या अखंड खडकातूनच झिरपत यावे लागते. राजस्थानात बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रात ज्वालामुखीजन्य खडकातला वायू असाच फ्रॅक करून काढला जातो. बेसाल्टवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे ऐकून नवल वाटते, मलाही वाटले होते.

भेगांच्या दोन्ही बाजूंनी खडकातील तेल भेगेच्या पृष्ठभागाला लंब दिशेने येते. विहिरीभोवती चहूबाजूंनी येणारा तो अरीय प्रवाह नव्हे. हा रेषीय प्रवाह आहे, आणि विहिरीच्या तळाचा दाब स्थिर ठेवला तर यात उत्पादनाचा दर काळाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. पहिल्या महिन्याअखेरीस दिवसाला १०० घनमीटर असेल, तर चौथ्या महिन्याअखेरीस ५० आणि सोळाव्या महिन्याअखेरीस २५. सुरुवातीची जी घसरण पाहून लोक विहीर बिघडली असे म्हणतात, ती बहुतेक वेळा बिघाड नसून या प्रवाहाची स्वाभाविक चाल असते. दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेऊन दर आणि काळ मांडले की या काळात उणे अर्धा उतार दिसतो. भेगेची स्वतःची वहनक्षमता कमी असेल तर त्याआधी काही काळ उणे पाव उतारही दिसतो.

तुमच्या प्रश्नाचे खरे मर्म पुढच्या मुद्द्यात आहे, आणि त्यावर तुम्ही सर्वाधिक वेळ द्यावा. रेषीय प्रवाहाच्या काळात उत्पादनाच्या आकड्यांतून एकच राशी निघते, ती म्हणजे भेगांचे एकूण परिणामकारक क्षेत्रफळ गुणिले पारगम्यतेचे वर्गमूळ. क्षेत्रफळ आणि पारगम्यता हे दोन्ही त्या आकड्यांतून सुटे करता येत नाहीत, कितीही हुशार संगणक-प्रणाली वापरली तरी. समजा दोन मॉडेल आहेत, दोन्हींत भेगांमधले अंतर सारखेच आहे. दुसऱ्यात भेगांची लांबी चौपट आणि पारगम्यता एक-सोळांश आहे. पहिल्या काही महिन्यांचा वक्र दोन्हींत तंतोतंत तोच येईल. परंतु शेजारच्या भेगांच्या दाबघटी एकमेकींना भिडून वक्र खाली वाकण्याचा क्षण पहिल्यात दीड वर्षाने येत असेल, तर दुसऱ्यात तो चोवीस वर्षांनी येईल, आणि भेगांनी वेढलेल्या तेलाचे आकारमान दुसऱ्यात चौपट असेल. म्हणजे आज हातात असलेले आकडे दोन्ही भविष्यांशी सारखेच जुळतात. हिस्टरी मॅच (मॉडेल आजवरच्या उत्पादनाशी जुळवणे) उत्तम झाला हा मॉडेल बरोबर असल्याचा पुरावा मानणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी सवय आहे असे माझे मत आहे.

यातून सुटका दोनच गोष्टींनी होते. एक म्हणजे पारगम्यता स्वतंत्रपणे मोजणे, उदाहरणार्थ फ्रॅक करण्याआधी थोडेसे पाणी दाबाने सोडून दाब कसा उतरतो हे दीर्घकाळ नोंदवण्याच्या चाचणीने, किंवा कोअरच्या (विहिरीतून कापून काढलेल्या खडकाच्या नमुन्याच्या) तुकड्यावर प्रयोगशाळेत. कोअरच्या मोजणीत मात्र खोलीवरचा ताण पुन्हा लावला होता का, हे विचारावे, कारण ताण सुटला की सूक्ष्म भेगा उघडतात आणि पारगम्यता फुगलेली दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे वक्र वाकण्याची वाट पाहणे. फ्रॅक करताना उठणाऱ्या सूक्ष्मकंपांच्या नोंदींवरून काढलेले भेगांचे क्षेत्रफळ मी थेट वापरत नाही. खडक जिथे हलला तिथे प्रॉपंट पोहोचलाच असे होत नाही.

आर्प्सने १९४५ साली मांडलेल्या सूत्रांत घसरणीचा एक घातांक असतो, ज्याला सर्वजण बी म्हणतात. तो शून्य असला की घातीय घसरण आणि एक असला की हार्मोनिक. ही सूत्रे अनुभवावर आधारलेली आहेत आणि ती विहिरीने आपली सीमा पाहिली आहे (दाबाची घट सीमेपर्यंत पोहोचली आहे) व तळाचा दाब स्थिर आहे, असे गृहीत धरतात. रेषीय प्रवाहाच्या आकड्यांवर ते सूत्र बसवले की बी जवळजवळ दोन येतो. गणिताने पाहिले तर बी एक किंवा त्याहून अधिक असलेल्या वक्राखालचे क्षेत्रफळ काळाबरोबर अमर्याद वाढत जाते, म्हणजे त्या विहिरीत संपणारच नाही इतके तेल आहे असा निष्कर्ष निघतो. म्हणून वार्षिक घसरण एका ठरावीक टक्क्यापर्यंत आली की पुढे घातीय वक्र जोडण्याची पद्धत रूढ आहे. ती चालते, पण तो टक्का कुठून घेतला हे विचारले की बहुतेक अहवाल गप्प असतात. त्यापेक्षा दाबातील घट भागिले दर ही राशी काळाच्या वर्गमूळासमोर मांडा, सरळ रेष कुठपर्यंत टिकते आणि कुठे वर वळते ते पाहा, आणि वळणच दिसत नसेल तर किमान वेढलेले तेल इतके आहे, एवढेच लिहा.

संख्यात्मक सिम्युलेटर (प्रवाहाचे गणित सोडवणारी संगणक-प्रणाली) वापरणार असाल तर खडकाचे ज्या घरांत भाग पाडतात त्या जाळीच्या आकाराकडे लक्ष द्या. पीसमनने १९७८ साली दाखवले की चौरस जाळीच्या विहीर असलेल्या घरातला दाब हा विहिरीपासून घराच्या बाजूच्या साधारण ०.२ पट अंतरावरचा दाब असतो, आणि बहुतेक सिम्युलेटरांतील विहिरीचे सूत्र त्यावरच उभे आहे. ती मांडणी स्थिर प्रवाहासाठी आहे. एक मायक्रोडार्सीच्या खडकात ५० मीटरच्या घराच्या आतला प्रवाह स्थिर व्हायलाच काही महिने लागतात, त्यामुळे भरड जाळी सुरुवातीचे उत्पादन कमी दाखवते आणि मग ते जुळवण्यासाठी लोक पारगम्यता वाढवत बसतात. भेगेलगतची घरे काही सेंटिमीटरांची घेऊन पुढे गुणोत्तराने मोठी करत जावे.

वायूच्या विहिरीसाठी दाबाऐवजी छद्मदाब वापरतात, कारण वायूची श्यानता आणि संपीड्यता दाबाबरोबर बदलते. क्लिंकेनबर्गने १९४१ साली दाखवल्याप्रमाणे अतिसूक्ष्म छिद्रांत वायू भिंतींवरून घसरतो आणि कमी दाबाला पारगम्यता जास्त भासते. शेल व कोळसा असेल तर लँगम्यूरच्या वक्रानुसार पृष्ठभागाला चिकटलेला वायूही हिशोबात घ्यावा लागतो. तुमच्या प्रश्नातील विहीर तेलाची आहे, म्हणून यात शिरत नाही. तेलासाठी लक्षात ठेवायचे ते एवढेच की भेगेलगत दाब बुडबुडा-बिंदूच्या खाली गेला की तिथे वायू मोकळा होतो आणि तेलाची वाट अडवतो, आणि दाब उतरताना प्रॉपंट भरलेली भेगही आवळत जाते.

विहिरीच्या कामगिरीसाठी (तळाचा दाब आणि दर यांच्या संबंधासाठी) १९६८ चे वोगेलचे सूत्र पाठ्यपुस्तकांत असते, पण त्यासाठी खडकाचा सरासरी दाब लागतो. घट्ट खडकात तो सरासरी दाब विहिरीला अनेक वर्षे जाणवतच नाही. म्हणून येथे दर-दाबाचा एकच वक्र काढून चालत नाही. तिसऱ्या महिन्याचा वेगळा, बाराव्याचा वेगळा असे काढावे लागतात, आणि पंपाची किंवा ट्यूबिंगची (विहिरीतील उत्पादन-नळीची) निवड त्यांतल्या नंतरच्या वक्रांवरून करावी.

तुमच्या तक्त्यात, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, रोजचा दर आहे पण दाबाचा रकाना नाही. मग चोक (विहिरीच्या मुखावरचे प्रवाह आवरणारे साधन) किती वेळा बदलला, विहीर कधी बंद होती आणि पंप कधी बसवला, हे कळल्याशिवाय दरातील उतार खडकाचा की माणसाच्या हाताचा, हे ठरवता येणार नाही. आधी विहिरीच्या मुखाचा दाब आणि पाण्याचे प्रमाण मिळवा, त्यावरून तळाचा दाब काढा, आणि साध्या काळाऐवजी एकूण उत्पादन भागिले त्या दिवसाचा दर हा काळ धरून दाबातील घट भागिले दर हा आधी सांगितलेला आलेख काढा. हे सर्व स्प्रेडशीटमध्ये होते. सिम्युलेटर त्यानंतर उघडा.