मान दुखतच नाही, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

प्रश्न: बाबांचं वय ६३. वर्षभर शर्टाची बटणं लावायला त्रास होतोय, अक्षर बिघडलंय, चालताना तोल जातो, अंधारात तर भिंत धरूनच चालतात. आधी सगळे म्हणाले शुगरमुळे असेल, मग मनगटाची नस दाबली गेलीय असं ऐकलं. आता एमआरआयमध्ये मानेत मज्जारज्जूवर दाब निघालाय. सर्जन ऑपरेशन सांगतायत, पण पूर्ण बरे होतील याची गॅरंटी नाही म्हणतात. मान तर कधीच दुखली नाही. थोडे दिवस पट्टा आणि मालिश करून बघू का?

उत्तर: सर्जननी गॅरंटी दिली नाही हे ऐकून मला उलट बरंच वाटलं. ह्या ऑपरेशनचा पहिला हेतू म्हणजे आहे ते आणखी बिघडू नये. सुधारणाही होते, बऱ्याच जणांची पकड आणि चाल सुधारते, पण किती ते आधी कोणी सांगू शकत नाही, कारण मज्जारज्जूचा जो भाग कायमचा खराब झाला तो परत उभा राहत नाही आणि दाब जितका जास्त काळ राहील तितकं परत मिळणारं कमी होत जातं. म्हणून "थोडे दिवस बघू" हेच इथे महागात पडतं.

मान न दुखण्याचं म्हणाल तर ह्या आजारात (सर्व्हायकल मायलोपथी, म्हणजे मानेत मज्जारज्जू दाबला जाणं) ते अगदी कॉमन आहे, आणि त्यामुळेच निदानाला उशीर होतो, कित्येकांची दोन-दोन वर्षं जातात. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, कडेला हाड वाढतं, मागचे लिगामेंट (मणके एकमेकांना बांधणारे चिवट धागे) जाड होतात आणि मज्जारज्जू ज्यातून जातो ती नळी अरुंद होत जाते. मानेत ती साधारण १७-१८ मिलिमीटर असते, १३ च्या खाली गेली की अरुंद धरतात. दाब आला की बोटं अडखळतात, पाय जड होतात, मान खाली घातली की कुणाकुणाला पाठीतून करंट गेल्यासारखं वाटतं. शुगरमुळे मुंग्या सहसा आधी पायात येतात, पण बटणं लागेनात आणि चालही बिघडली, हे दोन्ही एकत्र दिसलं की मान तपासायलाच हवी.

त्रास किती हे ठरवायला mJOA नावाचा १८ गुणांचा एक स्कोअर असतो. १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे गंभीर. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये मध्यम आणि गंभीर गटाला ऑपरेशनच सुचवलंय, सौम्य असेल तर देखरेखीखाली व्यायाम करून बघता येतो. बाबांचा स्कोअर किती ते सर्जनना विचारा, ऑपरेशन पुढून करणार की मागून तेही विचारा. पुढून केलं तर काही दिवस गिळायला त्रास किंवा आवाज घोगरा होऊ शकतो, आणि कुठूनही केलं तरी कधीकधी खांदा उचलायची ताकद कमी होते, ती बहुतेकांची हळूहळू येते. सिगारेट ओढत असतील तर आजच बंद, त्याने ऑपरेशननंतर हाडं जुळायला अडथळा येतो.

पट्ट्याने दाब हटत नाही. खांद्याला हलकी मालिश ठीक, पण मान मोडून देणारा, झटका देणारा कोणीही असो, त्याच्याकडे अजिबात नेऊ नका! आणि बाबा पडणार नाहीत हे बघा, रात्री लाइट चालू ठेवा, कारण नळी अरुंद असताना साध्या पडण्यानेही हात एकदम लुळे पडू शकतात. लघवीवरचा ताबा गेला किंवा काही दिवसांतच चाल झपाट्याने बिघडली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: वय ४८. एक्स-रेमध्ये सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस लिहिलंय. मलाही असंच होणार का?

उत्तर: सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. ह्या वयात एक्स-रेवर ती बहुतेकांना दिसते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मज्जारज्जूचा त्रास कधीच होत नाही. घरी एक करून बघा, १० सेकंदांत मूठ पूर्ण उघड-बंद करा, साधारण २० वेळा जमायला हवं. त्यापेक्षा बरंच कमी होत असेल, बोटं अडकत असतील किंवा एका रेषेत चालताना तोल जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. एरवी तो रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून द्या.