बीन्स शिजत नसतील तर आधी नळाकडे बघा

तुम्ही लिहिलंय की ग्रेट नॉर्दर्न बीन्स (पांढरा राजमाच म्हणा) रात्रभर भिजवले, स्मोक्ड हॅम हॉक (धुरावलेला डुकराच्या पायाचा तुकडा) घालून चार तास उकळले, कोलार्डच्या (कोबीच्या जातीची जाड पालेभाजी) पाल्याचा गाळ झाला तरी बीन्स गणंग ते गणंगच. आणि शेवटी, जाता जाता, टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला नुकतेच आलोय म्हणून. अहो, तीच तर मुख्य गोष्ट! तुमच्याकडचं बरंचसं पाणी एडवर्ड्स ॲक्विफर या भूजलसाठ्याच्या चुनखडीतून येतं. चांगलंच जड, म्हणजे क्षारांचं असतं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही हे आपल्याकडे घराघरात ठाऊक असतं. इथे आल्यावर मात्र आपण पाकिटाला, कुकरला, स्वतःला दोष देतो, नळाला देत नाही.

पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्यातल्या पेक्टिनला (पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला) धरून ठेवतं, मग दाणा उकलत नाही. आंबटाचंही तेच. टोमॅटो सुरुवातीलाच पडला असेल तर संपलं.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टात राहायचे तेव्हा हेच भोगलंय. तिथल्या पाणी पुरवणाऱ्या ऑफिसात फोन करून एकच विचारलं, पाण्याचा जडपणा किती? उत्तर आलं, ‘आमचं पाणी सगळ्या निकषांत बसतं.’ बसणारच! जडपणाला फेडरल कायद्यात मर्यादाच नाही. आकडा द्या म्हटलं तर बिलवाल्यांकडे, तिथून लॅबकडे, तिथून व्हॉइसमेल. त्यांच्यातल्याच एकीने ‘कुकर जुना असेल’ असंही सुनावलं, आणि मी मुकाट्याने नवा कुकर घेतला, वर महागाचे बीन्स घेतले. त्या हिवाळ्यात किती हॉक वाया गेले ते घरच्यांना विचारा. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून तपासणीच्या पट्ट्या आणल्या. लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ‘अतिशय जड’ म्हणतात. आमची पट्टी त्याच्या कितीतरी पुढे रंगली. दोन मिनिटांचं काम, पण सांगायला कुणी तयार नव्हतं. असो.

तुम्ही डिस्टिल्ड किंवा आरओचं (क्षार काढलेलं) पाणी आणा, भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला. ‘स्प्रिंग वॉटर’ लिहिलेलं नको, त्यात खनिजं असतात. भिजवताना लिटरला चमचाभर (मोठा चमचा) मीठ घाला. मिठाने दाणे कडक होतात असं आमची आजीही म्हणायची, पण भिजवण्याच्या पाण्यात उलटं होतं, साल मऊ पडते. ते पाणी मात्र ओतून द्या. एवढं करूनही अडलं तर पाऊंडभर बीन्सना पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते. पाकीट जुनं असेल तर यातल्या कशाचाच भरवसा नाही.

हॉक आधी एकटा तास-दीड तास मंद उकळा, मग बीन्स. वरून मीठ अगदी शेवटी, कारण हॉक मुळातच खारा असतो. घेताना ‘स्मोक्ड’ शब्द वाचून घ्या. शेजारीच ताजे हॉक ठेवलेले असतात आणि त्यांना धुराचा वासही नसतो. डुक्कर चालत नसेल तर स्मोक्ड टर्कीचे पंख घ्या, अमेरिकेच्या दक्षिणेत कित्येक घरांत आता तेच वापरतात. मला तर तेच जास्त आवडतात, पण हे इथल्या शेजारणींसमोर बोलू नका.

कोलार्ड चार तास का उकळलात? मधला दांडा काढून, चिरून, बीन्स मऊ झाल्यावर टाका. पाऊण तास पुरतो. केलची पालेभाजी असेल तर पंधरा मिनिटं, पालक तर गॅस बंद करताना. टोमॅटो घालायचाच असेल तर तोही बीन्स मऊ झाल्यावरच. व्हिनेगर ताटात, ज्याने त्याने. याच आंबटाच्या कारणाने कुणी गोव्याहून आणलेला चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालणार असेल तर तोही उशिरा, त्यात व्हिनेगर मुरलेलं असतं.

मी केमिस्ट नाही, हे सगळं आमच्या पातेल्यातलं. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते: पांढऱ्याऐवजी लाल राजमा घेतलात तर स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नका. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच त्यात घाला, नाहीतर पोट धरून बसाल.

पट्टीवर आकडा किती आला ते कळवा.