टकळीवरचा धागा सारखा तुटतो आणि विणलेला तुकडा तिरका होतो. काय चुकतंय?

तुमच्या तक्रारी दोन आहेत. लोंबती टकळी दर मिनिटाला जमिनीवर आपटते, आणि कशीबशी कातलेली एकपदरी लोकर विणायला घेतली की चौकोनाऐवजी एका बाजूला कललेलं काहीतरी तयार होतं. तुम्ही लिहिलंय, ‘माझा हातच जड आहे बहुतेक.’ हाताला कशाला बोल लावता? दोन्हीकडे घोळ पिळाचा आहे.

पुढच्या वेळी टकळी पडली की लगेच जोडायला धावू नका. आधी तुटलेलं टोक उजेडात धरा. ते झुपकेदार, पिंजल्यासारखं दिसत असेल तर तंतू तुटलेलेच नाहीत, एकमेकांवरून घसरून सुटे झालेत. म्हणजे पीळ कमी पडला. टोक आखूड, ताठ आणि वेटोळं होऊन वर उडालेलं असेल तर पीळ जास्त झालाय, तोही एखाद्या बारीक जागी. पीळ आधी बारीक जागेकडे धावतो, शेजारचा जाड भाग तसाच फुसफुशीत राहतो.

शिकाऊ लोकांचं टोक बहुतेक वेळा झुपकेदारच निघतं. माझंही निघायचं. होतं असं की टकळीला गिरकी दिली, ती फिरत फिरत मंदावली, आणि आपण लोकर ओढण्यात गुंग असताना ती गुपचूप उलटी फिरायला लागली. भरलेला पीळ उलगडला की टकळी खाली. यावर उपाय एकच, काही दिवस टकळी लोंबत ठेवून लोकर ओढायचीच नाही. गिरकी द्या, चिमटीखालच्या धाग्यात भरपूर पीळ साठू द्या, मग टकळी गुडघ्यांत दाबून धरा. आता ती उलटी फिरू शकत नाही आणि दोन्ही हात मोकळे. उजव्या चिमटीत पीळ अडवून ठेवा, डाव्या हाताने वरची लोकर हळूच मागे ओढा. तंतू पातळ झाले की चिमूट सैल करत वर सरकवा. पीळ बोटांच्या मागोमाग वर पळताना डोळ्यांना दिसतो. ते एकदा दिसलं की पुढचं बरंचसं हाताला आपोआप कळतं. एक-दोन आठवडे असंच काता, गिरकी आणि ओढणं एकत्र करायची घाई नको.

लोकर ओढलीच जात नसेल तर दोन हातांमधलं अंतर बघा. पेळूतून, म्हणजे कातायला घेतलेल्या पिंजलेल्या लोकरीच्या वळीतून, एक झुपका उपसून त्याची लांबी मोजा. समजा तंतू ८ सेंटिमीटरचे आहेत आणि हात ६ सेंटिमीटरवर आहेत, तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्हीच धरून बसलाय. तो हलणार कसा? अंतर तंतूच्या लांबीहून थोडं जास्त हवं. फार जास्त झालं तर लोकर सुटून हातात येते. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, म्हणून कापसाची बारीक टकळी वाटीत टेकवून फिरवतात, वजन धाग्यावर येऊ देत नाहीत. तुमच्या लोकरीला ३० ते ५० ग्रॅमची टकळी ठीक आहे, नवी घ्यायची गरज नाही.

आता तिरकेपणा. माझा पहिला मफलर एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट असा विणला होता. टाके मोजून बरोबर, तरी तो भूमितीच्या वहीतल्या समांतरभुज चौकोनासारखा झुकलेला. धुतला, ताणून टाचण्या लावल्या, वाळल्यावर अगदी सरळ. पुढच्या धुण्यात गडी पुन्हा मूळपदावर. एकपदरी धाग्यातला पीळ सुटायला धडपडत असतो आणि प्रत्येक टाक्याला एकाच दिशेला ढकलतो. सगळ्या सुया सुलट विणल्या तर एका ओळीचा कल दुसरी ओळ बराचसा खोडते, म्हणून एकपदरीच ठेवायची असेल तर पीळ कमी घाला आणि वीण तीच घ्या.

खरा इलाज मात्र दुपदरी करण्याचा. एकपदरी कातताना टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली असेल, तर दोन पदर एकत्र पिळताना उलट फिरवायची. किती पीळ घालायचा? ताजा कातलेला वीतभर धागा मध्ये दुमडून सैल सोडा. तो स्वतःभोवती जितका गुंडाळेल तितकाच. हा नमुना पुठ्ठ्याच्या तुकड्याला बांधून जवळ ठेवा, कारण चार दिवस गुंडाळून ठेवलेल्या धाग्यातला पीळ झोपतो आणि अंदाज चुकवतो. त्या झोपलेल्या धाग्यावर विसंबून मी एक अख्खी लडी ढिली केली होती, दोन्ही पदर वेगवेगळे लोंबत होते.

दुपदरी झाली की लडी सैल बांधून कोमट पाण्यात २०-३० मिनिटं बुडवा. चोळू नका, कढत पाणी तर नकोच, लोकर घट्ट होऊन नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत गच्च अडकलेला जाड थर, बनेल. टॉवेलात दाबून पाणी काढा, दोन-तीनदा झटका आणि वाळत घाला. खाली वजन अडकवायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. वजनाने धागा तेवढ्यापुरता सरळ दिसतो आणि पहिल्या धुण्यात पितळ उघडं पडतं. वाळलेली लडी हातात लोंबू द्या. उघडी, शांत लोंबली तर पीळ जमला.

तुमचा तिरका तुकडा टाकून देऊ नका. उसवा, लडी करून भिजवा, वाळली की दोन गुंडे करून दुपदरी करा. जाड-बारीक गाठी दोन पदरांत बऱ्याच लपतात, आणि उसवताना धागा कुठे तुटलाच तर दोन्ही टोकं पिंजून बोटभर एकमेकांवर ठेवायची, पीळ घालायचा. गाठ मारू नका, विणताना ती नेमकी दर्शनी बाजूला येते.